गाइड पट्टीला जागा द्या
(वरुड भागातल्या एका संत्रा पॅकिंग केंद्रात ऑपरेटर, फिटर आणि आयटीआयच्या मुलांसमोर केलेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. आंबिया बहाराचा, म्हणजे पावसाळ्यानंतर तोडणीला येणारा, माल यायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. एकदा गाड्यांची रांग लागली की लाइन अर्धा तास बंद ठेवू द्यायला कोणी तयार नसतं. म्हणून आजच बोलतो, आणि एकाच गोष्टीवर बोलतो : क्रेट वाहून नेणाऱ्या चेनखाली आणि बाजूला बसवलेली ही गाइड पट्टी.

खालची पट्टी चेनचं आणि मालाचं वजन तोलते, बाजूची पट्टी चेनला सरळ चालवते. चेन पोलादाची आणि पट्टी यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन या चिवट, गुळगुळीत प्लास्टिकची, हे मुद्दाम केलेलं आहे. दोघांपैकी झिजायचं ते पट्टीनं, कारण ती स्वस्त आहे आणि दोन तासांत बदलता येते.

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. एका केंद्रात जानेवारीच्या सकाळी नवी पट्टी बसली. थंडी होती, साधारण १२ अंश. पुरवठादाराच्या माणसांनी तीन-तीन मीटरचे तुकडे टोकाला टोक भिडवून, प्रत्येक बोल्ट आवळून बसवले. सांधा दिसतही नव्हता, सगळ्यांना काम फार सुबक वाटलं. मार्चअखेर मृग बहाराच्या शेवटच्या गाड्या चालू असताना दुपारी ऑपरेटरचा फोन आला, "भाऊ, चेन उड्या मारून राह्यली, क्रेट पडून राह्यले." जाऊन पाहिलं तर पत्र्याखाली ४२ अंश, आणि पट्टीला दोन-दोन बोल्टांच्या मध्ये कुबड आलेलं. चेन कुबडावर चढायची, पुढे आदळायची. एका सांध्याला तर पट्टीची कड वर आली होती आणि येणारी प्रत्येक कडी त्या कडेवर ठोकर खात होती.

हिशेब सोपा आहे. हे प्लास्टिक दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.२ मिलिमीटर वाढतं. तीस अंशांचा फरक आणि तीन मीटर लांबी, म्हणजे १८ मिलिमीटर. खालची लोखंडी फ्रेम तेवढ्याच उन्हात जेमतेम १ मिलिमीटर वाढते. उरलेले १७ मिलिमीटर जाणार कुठे? पुढे-मागे जागा नाही, म्हणून पट्टी वर उठते. मुंबईकडच्या शेडमध्ये जी बसवणूक वर्षभर चालते ती आपल्याकडे चालत नाही, कारण आपल्याकडे हिवाळ्याची पहाट आणि मेची दुपार यांच्यात पस्तीस अंशांचं अंतर सहज पडतं. माझा आग्रह आहे की पट्टी बसवताना त्या दिवशीचं तापमान वहीत लिहा.

बसवायचं कसं? ज्या टोकाकडून चेन पट्टीवर येते, तेवढं एकच टोक पक्कं करा. मग चेन पट्टीला पुढे ओढत राहते आणि पट्टी ताणलेली राहते. दुसऱ्या टोकाला पक्कं केलंत तर चेन तिला ढकलत नेते आणि ती वाकते. बाकीची भोकं लांबट ठेवा, मोकळ्या टोकाकडे जास्त लांब, आणि तिथले बोल्ट पट्टी सरकू शकेल इतकेच घट्ट करा. थंडीत बसवत असाल तर तीन मीटरला २० मिलिमीटरच्या आसपास फट सोडा. एवढी फट पाहून मालक घाबरतात, म्हणून सांधा सरळ कापू नका, ४५ अंशांत तिरपा कापा; म्हणजे चेनच्या रुंदीचा काही भाग कायम आधारावर राहतो. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांचे सांधे एका ओळीत आणू नका. आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची कड कानशीनं उतरती करा. बोल्टाचं डोकं पट्टीच्या पृष्ठभागापासून चांगलं खोल बसलं पाहिजे, कारण पट्टी झिजत डोक्यापर्यंत आली की तेच डोकं चेन कापायला लागतं.

बिघाड शोधताना पहिलं काम खडूचं. एका कडीवर खूण करा आणि लाइन रिकामी चालवा, स्वतः कठड्याबाहेर उभे राहून. आवाज खुणेबरोबर पुढे सरकत असेल तर दोष त्या कडीत आहे : पिन अडकली असेल, प्लेट वाकली असेल. आवाज एकाच जागी येत असेल तर दोष पट्टीत किंवा सांध्यात. मी लोकांना अख्खी पट्टी बदलताना पाहिलं आहे, आणि दोष मात्र एका वाकलेल्या कडीचा होता.

दुसरं, जुनी पट्टी काढली की फेकू नका. एकाच बाजूची कड खाल्लेली असेल तर दोन्ही शाफ्ट समांतर नाहीत, किंवा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, सरकलं आहे. लाइन दोरी लावा, दोन्ही कर्ण मोजा. इथे आपल्या काळ्या मातीकडेही बघावं लागतं. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरचे फ्रेमचे पाय तिच्याबरोबर वरखाली होतात. पाण्याची नळी लावून दिवाळीआधी एकदा आणि मेमध्ये एकदा पातळी तपासा.

पट्टी चांगली दिसते आणि चेन मात्र झिजते, असंही होतं. शेतातून आलेल्या क्रेटची माती, फळांना लावताना वरून ठिबकलेलं मेण, आणि कोणीतरी प्रेमानं फासलेलं ग्रीस : हे तिन्ही एकत्र आले की रेतीचे कण मऊ पट्टीत रुतून बसतात आणि तीच पट्टी पोलादाला पॉलिश पेपरसारखी घासते. या पट्टीला ग्रीस लागत नाही. पातळ तेल फक्त पिन आणि तिच्यावरच्या नळीच्या, म्हणजे बुशच्या, मध्ये, तेही पुसून. चेन ताणून २० कड्यांची लांबी मोजा. ५० मिलिमीटर पिचच्या, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत तेवढं अंतर असलेल्या, चेनला १००० मिलिमीटर यायला पाहिजेत. १०२० आले, म्हणजे दोन टक्के वाढ झाली, की नव्या चेनची तयारी करा. लांबी वाढलेल्या चेनवर नवी पट्टी बसवून काही साधत नाही.

मोटरचे ॲम्पियर रोज रिकाम्या लाइनवर बघा आणि लिहा. आकडा हळूहळू चढला तर पट्टी किंवा चेन अडते आहे. जास्त भार आला की मोटर बंद करणारा रिले ट्रिप झाला तर तो पुन्हा पुन्हा दाबून लाइन चालवू नका.

आता आपण खाली जाऊन तिसऱ्या लाइनची पट्टी खोलणार आहोत. मेन स्विच बंद केला आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे. जो पट्टीला हात लावणार तो आधी स्वतःचं कुलूप तिथे लावेल. पाच कुलपं टेबलावर ठेवली आहेत, घ्या आणि चला.