पाच किलो सातशे

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी एकटा आलो नाही. सोबत माझा पहिला बेस गिटार आहे. फाटकावरच्या भाऊंनी पिशवी हातात घेतली आणि म्हणाले, "काहून एवढं जड हो? लोखंड भरलं का यात?"

लोखंड नाही. सागवान आहे.

१९९४ सालची गोष्ट. बेस विकत घ्यायचा तर मुंबई गाठावी लागे, आणि माझ्या खिशात तर मुंबईच्या गाडीभाड्याचेही पैसे नव्हते. कोलकात्याच्या एका मोडक्या बेसची मान, म्हणजे तारा आणि पडदे, म्हणजे सुरांच्या आडव्या पट्ट्या, असतात तो लांब दांडा, मला कुणीतरी दिली होती. धड नव्हतं. नागपुरात आमच्या महाल भागात पलंग-कपाटं करणारे एक सुतारकाका होते. त्यांच्याकडे मासिकातलं चित्र घेऊन गेलो. काकांनी चित्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "सागवानच लावू बाप्पा. तुझे नातू वाजवतीन."

सागवान म्हटलं की आम्हा विदर्भातल्या लोकांची छाती जरा फुगतेच. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीसुद्धा सागवान नागपुरातूनच गेलं. पण संसद भवन गळ्यात अडकवून रात्रभर उभं राहायची पाळी कुणावर येत नाही. बेस तयार झाला तेव्हा रद्दीवाल्याच्या तराजूवर ठेवून पाहिला. पाच किलो सातशे. रद्दीवाल्याने विचारलं, "द्यायचा आहे का?"

आता हे पाच किलो सातशे म्हणजे किती, ते सांगतो. चार तारांचा साधारण बेस साडेतीन ते साडेचार किलोंत बसतो. पाच किलोंच्या वर गेला की वाजवणारे लोक आपसांत कुजबुजायला लागतात. परदेशी कंपन्या धडाला अॅल्डर किंवा अॅश नावाचं लाकूड वापरतात. अॅल्डर घनमीटरला साडेचारशे किलोंच्या आसपास भरतं, सागवान साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे त्याच मापाचं धड सागवानात केलं की जवळपास दीडपट जड. काकांनी तर माप दोन्हीकडून बोटभर वाढवलंही होतं. कपाटाचा हात, दुसरं काय!

गंमत अशी की हे वाद्य जन्माला आलं तेच ओझं कमी करायला. त्याआधी खर्जातले सूर वाजवायला डबल बेस असायचा. माणसापेक्षा उंच, मोटारीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि एवढं करून ट्रम्पेट-ड्रमच्या गलक्यात ऐकूही येत नसे. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. खांद्याला लटकवायचा, विजेवर वाजणारा, पडदे असलेला. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. ने-आण सोपी झाली, आवाजही मोठा झाला. पण डबल बेस कितीही जड असला तरी तो जमिनीवर टेकून उभा असतो. वाजवणारा फक्त त्याला सावरतो. फेंडरसाहेबांनी वजन कमी केलं आणि उरलेलं सगळं वाजवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर ठेवलं.

आमच्या ऑर्केस्ट्रात बघा. ढोलकवाला बसलेला. ड्रमवाला बसलेला. कीबोर्ड स्टँडवर, ऑक्टोपॅड स्टँडवर. गायकाच्या हातात माइक, तोही मधूनमधून स्टँडवर. बेसवाला मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ओझं घेऊन उभा. आणि एप्रिलमध्ये, १४ तारखेच्या आगेमागे, भीमगीतांचे कार्यक्रम लागत तेव्हा ते रात्र-रात्र चालत. पारा दिवसा चाळिशीच्या वर गेलेला, रात्रीही मंचाच्या फळ्या गरम. घामाने शर्ट चिकटलेला आणि त्यावर दोन बोटं रुंदीचा नायलॉनचा पट्टा. त्या पट्ट्याने खांद्यात अक्षरशः नांगर धरला होता. सकाळी घरी आलो की डावा खांदा वर आणि मान एका बाजूला. बाबा शेतकरी माणूस. ते म्हणायचे, "एकाच बैलावर जू ठेवल्यावानी चालतोस."

पुढे चार पैसे हातात आले तेव्हा मी हट्टाने हलका बेस घेतला. तीन किलो तीनशे. दुकानात एका हाताने उचलला आणि तिथेच भुललो. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्याच कार्यक्रमात कळलं की हात सोडला की याचं डोकं खाली जातं. जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते टोक जमिनीकडे झुकायला लागलं. मग डाव्या हाताने मान वर धरायची आणि त्याच हाताने सूरही दाबायचे. खांदा वाचला, पण पंधरवड्यात मनगट गेलं. खांद्याला रात्री तेल चोळता येतं. मनगट दुखलं तर दुसऱ्या दिवशीची सुपारी परत करावी लागते, आणि ती मी केली.

हे का होतं? गावाकडे कावड पाहिली असेल तुम्ही. दोन्हीकडे घागरी सारख्या भरल्या तर माणूस मैलभर चालतो. एक अर्धी राहिली की काठी घसरते. बेसची मान लांब, तारेची लांबीच चौतीस इंच, आणि तिच्या पार टोकाला चार लोखंडी खुंट्या. धड फार हलकं केलं की मानेचं पारडं जिंकतं. पट्टा अडकवायची पुढची खुंटी कुठे आहे, यावर सगळा खेळ. धडाचं वरचं शिंग लांब असून ती खुंटी बाराव्या पडद्याच्या जवळ आली, तर तोल राहतो. शिंगच नसलं किंवा आखूड असलं, तर डोकं झुकणारच. १९७० च्या दशकाच्या शेवटी नेड स्टाइनबर्गर यांनी तर डोकंच काढून टाकलं आणि खुंट्या धडाच्या बाजूला नेल्या. दिसायला क्रिकेटच्या बॅटसारखा, पण तोल असा की वाजवणाऱ्याने दोन्ही हात सोडून पान खावं.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. हलक्या खुंट्या मिळतात. चारही बदलल्या तर एकूण वजनात जेमतेम शे-दीडशे ग्रॅम उतरतात, पण ते मानेच्या टोकावरचे आहेत, म्हणून पाव किलोपेक्षा जास्त जाणवतात. पट्टा चार बोटं रुंद घ्यावा, आतून खरखरीत चामड्याचा, म्हणजे तो शर्टावरून सरकत नाही. नायलॉनचा गुळगुळीत पट्टा घेऊ नये, मग फुकट मिळाला तरी. आणि नागपुरातल्या सदर भागातल्या दुकानात मुलं बेस घ्यायला येतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो, उचलून बघू नका. पट्टा लावा, उभे राहा, दोन्ही हात सोडा आणि दुकानदाराशी दहा मिनिटं भावावरून भांडा. तेवढ्या वेळात बेस स्वतःच बोलेल. बसूनच वाजवणाऱ्यांना, स्टुडिओत काम करणाऱ्यांना, हा सगळा काथ्याकूट लागू नाही. त्यांनी खुशाल सात किलोंचा घ्यावा.

राहिला आवाज. जड बेसचा आवाज भरदार, हे मी गेली तीस वर्षं ऐकतोय, आणि बहुतेक वेळा जड बेस विकणाऱ्याच्या तोंडून. लोहचुंबकाचा पिकअप धडाचं वजन मोजत नाही, तो तारेची थरथर पकडतो. जुन्या मळक्या तारा काढून नव्या लावल्या तर जो फरक पडतो, तो दोन किलो लाकडाने पडताना मी ऐकलेला नाही. सूर गिळते ती मान. ती लवचीक असते, तीही आपल्या परीने थरथरते, आणि एखाद्या जागी तिची थरथर तारेच्या थरथरीशी जुळली की ती तारेची ताकद खाऊन टाकते. सूर लागतो आणि लगेच बसतो. पुष्कळ बेसांवर ही मेलेली जागा सगळ्यात बारीक तारेवर, म्हणजे 'जी' (G) नावाच्या तारेवर, पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असते. डोक्याला छोटं वजन अडकवलं तर ती जागा सरकते. म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम जे करून जातात, ते माझ्या पावणेसहा किलोंना जमलं नाही.

पटत नसेल तर ऐका. आज बसूनच वाजवतो, खुर्ची मागून घेतली आहे. हा जी तारेचा तिसरा पडदा. सूर किती वेळ टिकतो, ते मनात मोजा.

(बेसचा सूर, विरेपर्यंत)

आणि आता सहावा.

(बेसचा सूर, लगेच विझतो)

ऐकलंत? सुतारकाकांचा यात काही दोष नाही. मान कोलकात्याची होती.