लकवा, व्यायामाचे तास आणि घरची सेवा

मंडळी, लकवा मारलेल्या माणसाच्या घरचे आम्हा फिजिओथेरपिस्टना हमखास विचारतात, "रोज किती वेळ व्यायाम द्यायचा?" उपचार कसे द्यावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेनं २०१३ साली सांगितलं होतं, ज्या उपचाराची गरज आहे तो प्रत्येकी किमान पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. २०२३ मध्ये त्यांनीच ते दिवसाला किमान तीन तासांवर नेलं. हातपाय, बोलणं, स्वतः कपडे घालणं, सगळं धरून. खानापूर-निपाणीकडून बेळगावात आणलेल्या कितीतरी पेशंटना यातला पाव हिस्साही मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण नुसते तास मोजून भागत नाही. अमेरिका-कॅनडातल्या सत्रांचं एक निरीक्षण २००९ साली छापून आलं. लुळ्या हाताकडून प्रत्यक्ष कामाच्या हालचाली जिथं करून घेतल्या, तिथंही एका सत्रात त्या सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसला तो दिवसाला शेकडो वेळा तेच करवून घेतल्यावर. तेव्हा तास संपल्यावर विचारा, "आज हात त्यांनी स्वतः किती वेळा हलवला?" मालिश यात धरू नका.

आणि उरलेला दिवस? आपल्याकडं सेवा आड येते. सून आमटीत भाकरी कुस्करून सासऱ्यांना भरवते, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मी म्हणतो, वहिनी, तो हात टेबलावर घ्या, ताटाच्या कडेला टेकवा, ताट सरकू न देण्याचं काम त्याला द्या. घास डाव्या हातानं घेऊ देत. सांडलं तर सांडलं. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांद्याचं कायमचं दुखणं होऊन बसतं.

घाईही नको. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत पुन्हापुन्हा, जास्त वेळ उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट थोडी कमी चांगली निघाली.

"मग घरीच करून घेऊ की," असं म्हणून डिस्चार्ज मागणारे पुष्कळ. बिलाचं गणित मलाही कळतं. पण आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १,२५० पेशंटवर हे तपासून झालंय. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्यात त्याखेरीज घरच्यांना शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवला, तरी सहा महिन्यांनी मरण पावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. घरच्यांचा हात हवाच, पण थेरपिस्टच्या जोडीनं.

वाचा गेली असेल तर आणखी एक. घरी मराठी, बाजारात कन्नड, असे आपण. स्पीच थेरपिस्ट कन्नडच बोलणारी असली तर हिरमुसू नका, सीमाप्रश्न वॉर्डाबाहेर ठेवा. चहा, औषध, लघवी, नातवंडांची नावं, असे रोजचे मराठी शब्द कन्नड लिपीत लिहून तिच्या हाती द्या आणि सरावाला शेजारी बसा. उच्चार चुकला तर तिला सांगा, ती ऐकते.