कुकर पडला का?

नमस्कार. हे कुकरचं झाकण. कॅमेरा जरा जवळ घेते, कारण मला यातलं एक भोक दाखवायचं आहे.

शिट्टी काढली की खाली ही नळी दिसते. वाफेची बाहेर पडायची वाट हीच. झाकण उजेडाकडे धरलं की पलीकडचं दिसायला हवं. दिसत नाहीये ना? आत कडधान्याचं साल अडकलंय. बारीक तारेने ते काढायचं, नळाखाली धुवायचं आणि परत उजेडात बघायचं. हे दर वेळी, कुकर लावायच्या आधी.

एवढा आग्रह का धरते? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट होतो, म्हणून तेच पाणी १२० अंशांपर्यंत तापतं आणि अन्न लवकर शिजतं. पण नळी बुजली की दाब वाढतच राहतो. अशा वेळी हा सेफ्टी व्हॉल्व्ह उपयोगी पडतो. बऱ्याच कुकरमध्ये याच्यातला धातू जास्त तापला की वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी १६७९ मध्ये असं भांडं बनवलं, त्यांनाही पुढे त्यावर झडप बसवावी लागली. त्यामुळे व्हॉल्व्ह उडाला तर तिथे स्क्रू ठोकून काम भागवू नका, कृपा करून. त्याच कंपनीचा नवा बसवा, आणि पाणी कमी पडलं होतं की नळी तुंबली होती, तेही शोधा.

कुकर दोनतृतीयांशाच्या वर भरायचा नाही. डाळी, कडधान्यं फुगतात, फेस धरतात, ती अर्ध्यापर्यंतच. रिंग कडक झाली, चिरली, की बदला.

आता उघडणं. घाईत सगळ्यात जास्त भाजतं ते इथेच. कुकर पडलेला नसताना, म्हणजे आतली वाफ जिरलेली नसताना झाकण ओढलं, तर आतलं तापलेलं पाणी क्षणात वाफ होऊन उकळत्या अन्नासकट अंगावर येतं. शिट्टी हलकेच उचलून बघा. फुस्स आवाज आला तर सोडून द्या, थांबा. झाकणाशी झटापट नको.

आणि गॅस मोठा आहे, बराच वेळ झाला, तरी शिट्टी नाही, बाजूनेही वाफ नाही? शिट्टीला हात लावू नका, चमच्याने ठोकू नका. गॅस बंद करा, मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा, कुकर पूर्ण गार होऊ द्या. मग झाकण काढून उजेडाकडे धरा.