ताऱ्याभोवतीची ताजी धूळ

हे चिलीतलं चाहनांतोर पठार. उंची ५००० मीटर. हवा इतकी कोरडी की आकाशातून आलेल्या मिलिमीटर लांबीच्या लहरी वाटेत फारशा अडत नाहीत. अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या या ६६ अँटेना बघा, सगळ्या एकदमच वळल्या. त्यांना आत्ता तारा नकोय. त्याच्याभोवतीची धूळ हवी आहे.

आणि ही ती धूळ. एचडी १०७१४६ हा आपल्या सूर्यासारखाच तारा, साधारण ९० प्रकाशवर्षं दूर. सूर्यापासून नेपच्यून जितका लांब, ताऱ्यापासून जवळपास तितक्याच अंतरावर धुळीच्या या तबकडीचा आतला काठ आहे. बाहेरचा त्याच्या पाचपट अंतरावर. मधली ही काळसर फट नीट पाहा. एखादा न दिसलेला ग्रह तिथली धूळ झाडून नेत असावा.

हबल दुर्बिणीनं २००४ साली हीच तबकडी टिपली, ती ताऱ्यालाच झाकून. ताऱ्यावर एक बारीकशी झाकणी धरायची. तरी कडेनं प्रकाश झिरपतोच. मग धूळ नसलेल्या, तशाच दुसऱ्या ताऱ्याचं चित्र घ्यायचं आणि पहिल्यातून वजा करायचं. उरतं ते हे फिकट कडं. एवढ्या खटपटीनंतर हाती येते ती धूळच. पण ती जुनी नाही, हे महत्त्वाचं. अगदी बारीक कण ताऱ्याचा प्रकाशच बाहेर लोटून देतो, जाडे कण एकमेकांवर आदळून झिजतात. तारा कोट्यवधी वर्षांचा आहे, धूळ तितकी टिकूच शकत नाही. म्हणजे तिथे आजही धूमकेतूंसारखे बर्फाळ गोळे आणि खडक फुटताहेत. नवा ग्रह सापडला की बातमी होते. ही धूळही तेवढीच मोठी बातमी आहे.

सूर्यासारख्या दर पाच ताऱ्यांपैकी सुमारे एकाभोवती अशी थंड धूळ हर्शेल दुर्बिणीला दिसली. दिसण्याइतकी दाट, एवढाच त्याचा अर्थ. विरळ तबकड्या नजरेतून सुटतात. आपलीही तशीच विरळ. काळोख्या आकाशात, संधिप्रकाश विझल्यावर पश्चिमेला उभा राहिलेला हा फिकट शंकू म्हणजे आपल्याच सूर्यमालेतली धूळ.

ताऱ्याजवळ अशी धूळ जास्त असली, तर पृथ्वीएवढ्या ग्रहाचा थेट फोटो घेणं अवघड होतं.

पुन्हा हबलच्या चित्राकडे येऊ. कडेचा हा ठिपका तबकडीतला नाही, ती मागची दूरची दीर्घिका आहे. तेव्हा तारा आकाशात तिच्या दिशेनं सरकत होता. ती तबकडीमागे आली की तिचा प्रकाश या धुळीतून गाळून आपल्यापर्यंत येतो.