चिकातली प्रतिपिंडं

नमस्कार श्रोतेहो.

गाय व्यायली की पहिले काही दिवस घट्ट, पिवळसर चीक निघतो. त्याचा आपण खरवस करतो. हा खरवस घट्ट होतो तो चिकातल्या प्रथिनांमुळे, आणि त्यांचा बराच मोठा हिस्सा असतो प्रतिपिंडांचा. म्हणजे जंतू नेमका ओळखून त्याला पकडणाऱ्या प्रथिनांचा. वासराला ती गायीच्या पोटात असताना मिळत नाहीत. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पाजला, तरच ती त्याच्या रक्तात उतरतात. उकडल्यावर मात्र ती बिघडतात. तेव्हा खरवस चवीसाठी खा, औषध म्हणून नको. आणि कच्चा चीक पिण्याचा प्रयोग तर मुळीच नको!

प्रयोग शास्त्रज्ञांनी केलाय. १९८८ साली अमेरिकेत माणसांना जुलाब घडवणाऱ्या ई-कोलाय जिवाणूंची लस गायींना टोचून त्यांच्या दुधातली प्रतिपिंडं वेगळी काढली. ती दहा स्वयंसेवकांना पाजली, आणखी दहा जणांना ती दिली नाहीत. मग सगळ्यांना तोच जिवाणू दिला. प्रतिपिंडं न मिळालेल्या दहापैकी नऊ जणांना जुलाब झाले. मिळालेल्या दहांपैकी एकालाही नाही.

हे घडतं कसं? हा जिवाणू बारीक तंतूंनी आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि तिथं विष सोडतो. त्या विषानं शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यात झिरपू लागतात. प्रतिपिंडांनी ते तंतू आधीच झाकले, तर जिवाणूला मारायचीही गरज नाही. तो शौचावाटे निघून जातो. अडचण येते ती वाटेतल्या जठराची. तिथलं आम्ल आणि पाचकरस प्रतिपिंडांचे तुकडे करतात.

आईच्या दुधात ही अडचण आधीच सुटलेली असते. त्यातल्या 'आयजीए' प्रतिपिंडांना एका जादा प्रथिनाचं कवच असतं, म्हणून ती सहज पचत नाहीत. बांगलादेशात १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पटकीचे जिवाणू तान्ह्या मुलांच्या आतड्यांत पोचलेच होते, पण ज्यांच्या आईच्या दुधात त्याविरुद्धची प्रतिपिंडं जास्त होती, ती मुलं कमी आजारी पडली. आणि आपल्याकडे अजूनही काही घरांत आईचा चीक पिळून टाकतात, बाळाला आधी मध चाटवतात. मला हे फार खटकतं. मधात बॉट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जिवाणूचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये.

औषध कंपन्यांनीही ही वाट चोखाळली. प्रतिजैविकांनंतर आतड्यात माजणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू काही रुग्णांना पुन्हा पुन्हा गाठतो. त्याच्या विषाला धरणारं बेझलोटोक्सुमॅब हे प्रतिपिंड २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं. शिरेतून एकदाच द्यायचं. चाचण्यांत आजार उलटण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. तरी २०२५च्या जानेवारीत कंपनीनं ते बंद केलं. उपयोगी औषध बाजारात टिकतंच असं नाही.

एक मात्र लक्षात घ्या. ई-कोलायविरुद्धची ही दुधातली प्रतिपिंडं जुलाब लागण्याआधी पोटात असावी लागतात. एकदा जुलाब सुरू झाले, की घोटघोट जलसंजीवनी, मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंक, आणि तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. शौचात रक्त दिसलं किंवा मूल मलूल झालं, तर थेट दवाखाना गाठा.

नमस्कार.