लांबलचक शब्द आणि लबाड शब्द

नमस्कार श्रोतेहो.

तपासणीच्या कागदावर 'गॅस्ट्रोएन्टेरायटिस' असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं की पोटात गोळा येतो. पोट आधीच दुखत असतं, ही वेगळीच गंमत! पण हा शब्द जरा सुटा करून बघा. गॅस्ट्रो म्हणजे जठर, एन्टेरॉन म्हणजे आतडं आणि शेवटचं आयटिस म्हणजे दाह. जठराचा आणि आतड्याचा दाह, बस्स. ते 'आयटिस' एकदा ओळखीचं झालं की हिपॅटायटिस यकृताचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा, हे आपोआप कळतं.

फक्त शब्दाचा सांधा नेमका कुठे आहे ते बघायला हवं. हेलिकॉप्टर हा शब्द आपण 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतो. खरा सांधा आहे 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये: मळसूत्री वळण आणि पंख. हाच 'प्टर' टेरोडॅक्टिल या लोप पावलेल्या उडत्या प्राण्याच्या नावातही आहे. त्याचं इंग्रजी स्पेलिंग 'पी'पासून सुरू होतं, तो 'पी' उच्चारात गिळला जातो इतकंच. अर्थ काय, तर पंख-बोट.

हे शब्द आकाशातून पडलेले नाहीत. 1834 च्या सुमाराला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेला विजेच्या प्रयोगांसाठी नावं हवी होती. त्यानं केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाला पत्रानं विचारलं आणि ग्रीक भाषेतून ॲनोड, कॅथोड (वीज आत-बाहेर जाण्याची दोन टोकं) आणि आयन (विद्युतभार असलेला कण) आले. आयन म्हणजे नुसतं 'जाणारा'. कधी नावच चुकतं. ऑक्सिजनचा अर्थ 'आम्ल तयार करणारा', कारण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं की प्रत्येक आम्लात तो असतोच. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही. चूक सुधारली, नाव राहिलं.

मला विचाराल तर खरे लबाड म्हणजे छोटे, रोजचे शब्द. जड पेटी डोक्यावर घेऊन तासभर एका जागी उभे राहा. घामाघूम व्हाल, पण भौतिकशास्त्राच्या हिशेबात पेटीवर तुम्ही केलेलं 'वर्क', म्हणजे कार्य, शून्य, कारण पेटी हललीच नाही. 'थिअरी'चं तेच. बोलण्यात ती नुसती अटकळ, विज्ञानात पुराव्यांवर उभं असलेलं स्पष्टीकरण.

आणि 'सिग्निफिकंट'? संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की खरा फरक नसता, तर निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी होती. फरक मोठा आहे असं कोणी म्हटलेलंच नाही. समजा, एका गोळीनं डोकेदुखी 60 ऐवजी 58 मिनिटांत थांबली. भरपूर रुग्णांवर चाचणी झाली असेल तर ही दोन मिनिटंही 'सिग्निफिकंट' ठरू शकतात. बातमीत मात्र 'लक्षणीय फरक' असं छापून येतं.