दिवसा राम, रात्री कृष्ण

(मोती तलाव, सकाळ. काठाकाठाने राजवाड्याकडे.)

मे महिना. मुंबई-पुण्याचे चाकरमानी पोराबाळांसह गावी आलेत. समुद्रावर जाऊन झालंय, एक दिवस सावंतवाडीसाठी राखून ठेवलाय. हा मोती तलाव १८७४ सालचा, आणि समोर जांभ्या दगडाचा राजवाडा त्याहून जुना, तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला.

(दरबार हॉल.)

झुंबरं, तसबिरी, सिंहासन. मोठी माणसं इथे माना वर करून फिरतात. मुलं थेट कडेच्या मेजांपाशी जाऊन उभी राहतात, कारण तिथे कोणीतरी काहीतरी रंगवतंय.

(जवळून: ब्रशचं टोक, गोल पान.)

या गोल चकतीवर वामन उतरतोय. ब्रशला जेमतेम चार केस असावेत. आधी पार्श्वभूमीचा सपाट रंग, मग आकृती, आणि डोळा सगळ्यात शेवटी. डोळा काढताना कलाकार हाताचं कोपर मेजावर घट्ट टेकवतो आणि क्षणभर श्वास रोखतो. शेजारी उभी असलेली चिमुरडीसुद्धा रोखते.

ही गंजिफा, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ. तो इराणकडून आला, मुघल दरबारात रुजला. तिथे आठ रंगांची, म्हणजे इस्पिक-बदामसारख्या आठ गटांची, ९६ पानं. आपल्याकडे त्यात दशावतार आले आणि पानं झाली १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं: एक राजा, एक घोड्यावरचा प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. प्रत्येक अवताराची खूण वेगळी. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, कल्कीची तलवार. अक्षर न वाचता येणाऱ्या पोरालाही पान ओळखता येतं. सगळ्या पानांची पाठ मात्र सारखी, एकरंगी. नाहीतर समोरच्याला आपला डाव कळायचा.

(चिंचोके. कढई. कापड.)

जुन्या पद्धतीने एक पान करायचं म्हणजे किती काम, ते बघा. चिंचोके भिजवायचे, साल काढायची, वाटून शिजवायचे आणि खळ करायची. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्यायचं. थरावर थर या खळीने चिकटवायचे आणि वाळू द्यायचे. वरून खडूच्या भुकटीचा लेप. तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचं, बोट फिरवलं तर कुठे खरखर लागता कामा नये. मग गोल कापायचं. मग रंग. शेवटी लाखेचा हात, म्हणजे हाताचा घाम आणि कोकणातली दमट हवा, दोन्हींपासून पान वाचलं. एवढं झालं की एक पान तयार. असे एकशे वीस. आज बहुतेक पानं पुठ्ठ्यावर आणि बाजारच्या रंगांत होतात, पण डोळा अजून हातानेच काढला जातो.

(जुने फोटो.)

एक वेळ अशी आली होती की हे काम जाणणारा हात जवळजवळ एकच उरला होता. पुंडलिक चितारी, वयाने खूप थकलेले. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी त्यांच्याकडून शिकले. राणीसाहेब स्वतः ब्रश घेऊन बसल्या. मग चितार आळीतल्या, गावातल्या मुलामुलींना शिकवलं, आणि जागा दिली ती थेट दरबारात. राजवाड्यातली सगळ्यात मानाची खोली कारागिरांना देणं ही साधी गोष्ट नाही. सावंतवाडीचं पुढचं सगळं गंजिफाकाम त्या एका निर्णयावर उभं आहे.

(सतरंजी. तीन मुलं, एक आजोबा.)

आता खेळ. कारण पान हे शेवटी हातात धरण्यासाठी असतं.

खेळाडू तीन. प्रत्येकी चाळीस पानं. गोल पानं पंख्यासारखी धरता येत नाहीत, सुटून खाली पडतात, म्हणून पहिली पाच मिनिटं नुसती उचलाउचल चालते. हुकूम नाही. ज्या रंगाची उतारी, त्या रंगाचं मोठं पान हात नेणार. पण मोठं कोणतं? राजा सर्वांत वर, मग प्रधान. त्याखाली गंमत आहे. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का मोठा. मुलं इथे हमखास चुकतात आणि आजोबा हमखास हात नेतात.

आणि पहिली उतारी कोणाची? दिवसा डाव मांडला, तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्याची. रात्री मांडला, तर कृष्णवाल्याची. एक सूर्यवंशी, दुसरा मध्यरात्री जन्मलेला. पत्त्यांच्या कोणत्या खेळाला बाहेर ऊन आहे की चांदणं, हे विचारावंसं वाटतं?

(काचेच्या चौकटी, ओळीने.)

विकत घेतलेले कितीतरी संच भिंतीवर चौकटीत जातात. खेळणारे कमी झाले. नियम सांगणारेही.

(पुन्हा सतरंजी.)

म्हणून ही सुट्टीतली सतरंजी आम्हाला संग्रहालयाइतकीच मोलाची वाटते. राजवाडा बघायला आलेलं कुटुंब इथे तासभर बसतं, मुलाच्या हातात वराह येतो, "हा कोण?" असं तो आजोबांना विचारतो, आणि त्यांना गोष्ट सांगावीच लागते.

चतुर्थीला गावी याल तेव्हा आरत्या होतील, भजन होईल, फुगड्या होतील, आणि मग ओटीवर जागरणाचे पत्ते निघतीलच. त्या रात्री बावन्न पानांच्या जागी ही एकशे वीस मांडा. तिघं हवेत. नियम आधी राजवाड्यात बसून नीट समजून घ्या, आणि वाटून झाल्यावर कृष्ण कोणाकडे आलाय, एवढं विचारा.